पाणी कुठून भरलंत?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर टेकापो सरोवराच्या काठी दगडी बांधणीचं एक लहानसं चर्च आहे. 1935 साली उभारलेलं. आत गेलं की वेदीच्या मागे रंगीत काचांची चित्रं दिसत नाहीत. तिथे साधी, नितळ काच आहे. काचेपलीकडे सरोवराचं निळंहिरवं पाणी आणि त्याच्याही पलीकडे बर्फाचे डोंगर. प्रार्थनेला आलेल्या माणसाच्या नजरेसमोर एवढंच. चर्चच्या आत फोटो काढायला मनाई आहे. बाहेर माळावर माणसं कॅमेरे सरसावून एकमेकांच्या चौकटीतून बाजूला व्हायची वाट बघत असतात, आणि आत दोन-चार जण हात मांडीवर ठेवून नुसती बसलेली असतात.

त्या खिडकीचा फोटो माझ्यापाशी नाही. तरीही आमच्या मोटरहोमच्या प्रवासातलं जे जे मी घरी येऊन सांगितलं, त्यात आत्याच्या मनात ती खिडकीच सर्वांत ठसली. काच केवढी होती हे मला हात पसरून दाखवावं लागलं. पाणी निळं म्हणजे कसं निळं, हे सांगताना अडले तेव्हा तिनेच विचारलं, "पण पाण्याला रंग कशानं येतो गं?" मग मी सांगितलं की वरच्या हिमनद्या सरकताना खालचा खडक दळत येतात, त्या दगडाची पिठाहून बारीक पूड पाण्यात तरंगत राहते, लवकर तळाशी बसत नाही, आणि ऊन तिच्यावरून विखुरलं की तो रंग उमटतो. आत्याने डोळे मिटून घेतले. बहुधा ती ते पाणी बघत होती.

श्रीरामपूरच्या तिच्या घरात, मोबाइल टीव्हीला जोडून, आम्ही हे फोटो बघत होतो. आत्या खुर्चीत, काका दिवाणावर, चुलत भावंडं आणि त्यांची मुलं सतरंजीवर. मी फोटो नीट निवडून, क्रमाने लावून नेले होते. ख्राइस्टचर्चहून निघालो तेव्हाचा पहिला, मग कॅंटरबरीची सपाट शेतं, मग टेकापो. सरोवराकाठी उभी असलेली आमची पांढरी गाडी पडद्यावर आली आणि आत्या पुढे झुकून म्हणाली, "पाणी कुठून भरलंत?"

सगळ्यांनी गाडीमागचं सरोवर बघितलं होतं. तिने गाडी बघितली होती. आणि मला वाटतं, मोटरहोमच्या प्रवासाबद्दल विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच आहे. हॉटेलात उतरणाऱ्याला पाणी कुठून येतं हे ठाऊक नसतं, आणि त्याचं काही अडतही नाही. घर सोबत घेऊन निघालेल्याला मात्र दिवस उजाडला की तेच बघावं लागतं. प्रवरेच्या कालव्याच्या आवर्तनांवर ज्या गावाचं वर्ष चालतं, तिथे जन्म गेलेल्या बाईला हे सांगायला नको.

मग मी ठरवलेला क्रम सोडला आणि मागे टाकलेले फोटो शोधून काढले. कॅम्पच्या नळाला पांढरी नळी लावून उभी असलेली माझी मुलगी, एका हाताने टाकीचं झाकण धरलेलं, फ्रॉक गुडघ्यापर्यंत भिजलेला. टाकी शंभर लिटरच्या आसपासची. भांडी धुतलेलं आणि आंघोळीचं पाणी गाडीच्या पोटाखाली दुसऱ्या टाकीत साठतं. संडासाची तिसरी, चाकं लावलेली पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. ती बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची आणि गावोगावी नेमून दिलेल्या डंप स्टेशनवर रिकामी करून, धुऊन परत बसवायची. ती पेटी ओढत चाललेल्या माझ्या नवऱ्याचा पाठमोरा फोटो आहे. मागे आख्खी सदर्न आल्प्सची रांग, सकाळचं कोवळं ऊन. हा फोटो मी खरं तर कुणालाच दाखवणार नव्हते. काकांना तो सगळ्यांत आवडला. त्यांनी तो दोनदा मोठा करून पाहिला आणि पेटीला चाकं किती, झाकण कसं बसतं, वास येतो का, हे सगळं विचारून घेतलं.

आमच्या गाडीच्या मागच्या बाजूला एक चिकटपत्र होतं. गाडी स्वयंपूर्ण आहे, म्हणजे तीन दिवसांचं पिण्याचं पाणी आणि तीन दिवसांचं सांडपाणी पोटात ठेवू शकते, असा त्याचा अर्थ. पाण्याचा किमान हिशेब माणशी रोजचे चार लिटर. "चार लिटरमध्ये माणसाचं भागतं?" आत्याने विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "भागतं. भागवलंय आम्ही." त्या उन्हाळ्यांबद्दल ती पुढे बोलली नाही, पण सतरंजीवरची मुलं एकदम तिच्याकडे बघायला लागली.

रात्री पंप चालू झाला की गाडीभर घर्रर्र आवाज होतो आणि सगळे जागे होतात. म्हणून झोपायच्या आधी तांब्या भरून ठेवायचा. दिवे आणि पंप बॅटरीवर. कॅम्पमध्ये विजेची जागा घेतली असेल तर खांबापासून जाड केबल आणून गाडीला जोडायची, की हीटर आणि किटली दोन्ही चालतात. जेवायचं टेबल खाली सरकवून त्यावर गाद्या मांडल्या की पलंग. तो पलंग सकाळी मोडल्याशिवाय चहा मांडायला जागा नाही. चालू लागण्याआधी प्रत्येक कप्पा, प्रत्येक खण बंद आहे ना, हे हाताने दाबून बघायचं. ही आमच्याकडे सासूबाईंची कामगिरी. त्यांनी "निघा" म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही.

टेबलाचा पलंग करतानाचा फोटो आला तेव्हा आत्या म्हणाली, "उसतोडीच्या गाडीसारखं."

दसरा-दिवाळी झाली की बीडकडून बैलगाड्या येत, ते तिने लहानपणापासून पाहिलेलं. गाडीत भांडी, चूल, पत्रे, बांबू, कोंबड्यांचा झाप, वर बसलेली म्हातारी, खाली झोळीत मूल. साखर कारखान्याच्या माळावर कोप्या उभ्या राहत आणि हंगाम संपला की सगळं पुन्हा गाडीत चढे. त्यांच्यासाठी ते जगणं होतं, आणि सुट्टीसाठी पैसे भरून गाडी घेणारे आम्ही त्या ओळीत बसत नाही. आत्यालाही तसं म्हणायचं नव्हतं. तिला फक्त सामान लावण्याची शिस्त ओळखीची वाटली होती. पण थोड्या वेळाने, आम्ही पुढच्या फोटोवर गेलो तरी, ती मागच्यावरच होती. "त्यांच्यापाशी असतील का गं फोटो, त्या वाटेचे?" तिने विचारलं. कुणीच काही बोललं नाही. हा प्रश्न अजून माझ्यापाशी आहे.

हौसेने चाकांवर घर बांधून निघण्याची कल्पना त्या मानाने अलीकडची. 1885 साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरने, जो आधी ब्रिटिश नौदलात होता, ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'द वॉंडरर' नावाची घोडागाडी करून घेतली. दोन घोडे, सुमारे दोन टन वजन, आत पुस्तकांची फळी. सोबत कुत्रा आणि पोपट, आणि पुढे तीनचाकी सायकलवर एक नोकर, अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करायला. इंग्लंडच्या दक्षिणेतून निघून तो स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसपर्यंत गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने त्या प्रवासाचं पुस्तक काढलं. गाडी अजून जपून ठेवलेली आहे. मला त्या माणसाबद्दल जिव्हाळा वाटतो तो यासाठी की त्याला नुसतं जाऊन चालेना. जाऊन आल्यावर, कसे राहिलो, काय शिजवलं, घोडे कुठे बांधले, हे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडली नाही.

आमच्या फोटोंमधले काही फोटो मी भरभर पुढे ढकलले. रस्त्याकाठचे ल्युपिनचे जांभळे-गुलाबी ताटवे, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये टेकापोच्या भोवताली ज्यांच्यासाठी गाड्या थांबतात, ते. सुंदर आहेत, पण ती बाहेरून आलेली झाडं आहेत आणि नद्यांच्या वाळूपात्रात घुसून, उघड्या गोट्यांवर घरटी करणाऱ्या तिथल्या पक्ष्यांची जागा खातात. काकी म्हणजे काळा शेकाट्या हा त्यातला एक. जगातला फार दुर्मिळ पक्षी. हे कळल्यावर मला त्या फोटोंकडे निवांत बघवेना. वानाका सरोवरातलं पाण्यात एकटं उभं असलेलं विलोचं झाडही तसंच. कुंपणाच्या खांबाला फुटवा येऊन झालेलं ते झाड, त्याचा फोटो काढायला काठावर इतकी माणसं असतात की झाडाला एकटं म्हणवत नाही. 2020 च्या मार्चमध्ये कुणीतरी करवत घेऊन त्याच्या खालच्या फांद्या कापून टाकल्या. आमच्या फोटोत ती बाजू उणी दिसते. आमचा फोटो आणि आमच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचा फोटो यांत काही फरक असेल असं मला वाटत नाही.

व्हाइट हॉर्स हिलच्या कॅम्पमधले फोटो मात्र फक्त आमचे आहेत. आओराकी डोंगराच्या पायथ्याशी, हूकर खोऱ्याच्या तोंडाशी हा कॅम्प आहे. वीज नाही, दुकान नाही, चहूकडे कडे आणि मधूनच बर्फ कोसळल्याचा गडगडाट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आभाळाकडे बघितलं, आभाळ निरभ्र होतं. आमच्या गाडीतल्या ओट्यामागे एक आडवी खिडकी होती, आणि त्या खिडकीच्या कडेला आम्ही चहाचं गाळणं अडकवत असू. एका फोटोत ओल्या गाळण्याशेजारी, पोळीच्या वाफेने धुरकटलेल्या काचेतून, 3,724 मीटरचा तो पहाड उभा आहे. डोंगराचे याहून चांगले फोटो पोस्टकार्डांवर आहेत. पण कणीक मळतानाचे माझे हात आणि तो डोंगर एका चौकटीत फक्त इथे आहेत.

तिथल्या नाय ताहू या माओरी लोकांच्या कथेत आओराकी हा आकाशपित्याचा मुलगा. भावांसह होडीने निघाला, होडी खडकावर आदळून कलंडली, भाऊ तिच्या उंच बाजूवर चढून बसले आणि दक्षिणेच्या गार वाऱ्याने तिथेच दगड झाले. होडीचं बेट झालं, भावांचे डोंगर. त्यांना हा पूर्वज, म्हणून ते गिर्यारोहकांना विनंती करतात की अगदी माथ्यावर पाय ठेवू नका. ज्या वाहनाने निघाले त्याचीच जमीन झाली, त्यावर पुढच्यांनी घरं बांधली. मोटरहोमच्या बिछान्यावर पडून ही कथा मुलीला सांगताना मला ती फार जवळची वाटली होती. हिलरींनी 1948 मध्ये याच डोंगराच्या दक्षिण धारेवरून पहिली चढाई केली, एव्हरेस्टच्या पाच वर्षं आधी. हर्मिटेज हॉटेलपाशी त्यांचा पुतळा आहे. काकांना हिलरी आणि तेनझिंग शाळेपासून पाठ, त्यामुळे त्या पुतळ्यापाशी श्रीरामपूरच्या हॉलमध्ये बराच वेळ मुक्काम झाला.

त्या कॅम्पवरचा आणखी एक फोटो मुलीने काढला आहे. दक्षिणेत तेव्हा उन्हाळा, रात्रीचे नऊ वाजून गेले तरी उजेड जात नाही. सासूबाईंना दिवेलागण कधी धरायची हे कळेना. घड्याळाने धरावी तर बाहेर ऊन, उजेडाने धरावी तर झोपेची वेळ टळते. शेवटी त्यांनी डोंगराच्या माथ्यावरचा गुलाबी रंग गेला की ती वेळ, असं ठरवलं. गाडीत ज्योत पेटवायची नाही म्हणून ओट्यावरचा छोटा दिवा लावून त्या हात जोडून शुभं करोति म्हणत. फोटोत त्यांची पाठ, खांद्यावरची शाल आणि तो दिवा आहे. या फोटोवरून आत्या आणि सासूबाई फोनवर तासभर बोलल्या. दोघींची एरवी फार ओळख नाही.

मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा मीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पाऊस नसेल तेव्हा सँडफ्लाय. काळे, बारीक, चावरे. आमच्या तिथल्या बहुतेक फोटोंत कुणाचा ना कुणाचा हात झटकल्यासारखा हलून पुसट झालेला आहे. माओरी सांगतात की ती जागा इतकी देखणी घडली की माणसं काम सोडून तिथेच बसून राहतील, या काळजीने मृत्यूची देवता हिने-नुइ-ते-पो हिने हे किडे सोडले. आत्याने ही गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

त्या वाटेवर होमर बोगदा लागतो. 1935 मध्ये खोदायला घेतलेला आणि 1954 मध्ये वाहनांना खुला झालेला, सव्वा किलोमीटरच्या आसपास, नुसत्या खडकाचा. सिग्नलची वाट बघत गाड्या उभ्या असतात तेव्हा किआ येतात. डोंगरी पोपट, वरून मळकट हिरवे, पंख उघडले की आतून शेंदरी. त्यांना गाड्यांचं रबर आवडतं. आमच्या पुढे उभ्या असलेल्या गाडीच्या खिडकीची रबरी पट्टी एका किआने चोचीत धरून, पाय रोवून, वीतभर ओढून काढली. व्हिडिओत सासूबाईंचा आवाज आहे, "अरे अरे, सोड! सोड ते!" मराठीतून. किआने मान वळवून खरंच तिकडे बघितलं.

फ्रान्झ जोसेफच्या फोटोंपाशी मी थांबले, कारण तिथे आमच्या फोटोंशेजारी दुसरा एक फोटो लावायचा होता. माझी मोठी बहीण ख्राइस्टचर्चला राहते. ती तिथे गेली त्या सुरुवातीच्या दिवसांत, 2010 साली, तिने या हिमनदीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला होता. आम्हीही खोऱ्यातून तिकडेच तोंड करून काढला. तिच्या फोटोत बर्फाचं नाक खोऱ्यात उतरून आलेलं, मळकं, भेगाळलेलं, तिच्या खांद्याच्या मागे. आमच्या फोटोत खांद्याच्या मागे करडा खडक, गोटे, पाण्याच्या धारा, आणि बर्फ कुठे आहे ते बोटाने दाखवावं लागतं. ही हिमनदी 2008 पर्यंत काही वर्षं पुढे सरकत होती, त्यानंतर झपाट्याने मागे गेली. 2012 पासून तिच्यावर पायी चढून जाता येत नाही, हेलिकॉप्टरनेच जावं लागतं. शेजारच्या फॉक्स हिमनदीकडे जाणारा रस्ता 2019 मध्ये दरड सरकून गेला, तो पुन्हा उघडला नाही. माओरी लोक फ्रान्झ जोसेफला हिने हुकातेरेचे अश्रू म्हणतात. तिचा प्रियकर हिमस्खलनात वाहून गेला आणि तिची आसवं गोठून नदी झाली, अशी कथा. टीव्हीवर दोन्ही फोटो शेजारी लागले तेव्हा सतरंजीवरचा सगळ्यांत लहान मुलगा उठून पडद्यापाशी गेला आणि एका फोटोतल्या बर्फावरून दुसऱ्या फोटोतल्या बर्फापर्यंत बोट नेलं. आम्हा दोघी बहिणींपैकी कुणीच जगाला काही दाखवायला ते फोटो काढले नव्हते. ताईने आईला पाठवायला काढला होता, नवा कोट दिसावा म्हणून.

ताईचा आणखी एक फोटो त्याच सालचा. ख्राइस्टचर्चच्या चौकात, मागे कॅथीड्रलचं दगडी शिखर. 22 फेब्रुवारी 2011 च्या दुपारी भूकंप झाला, शहरात आणि भोवती 185 माणसं गेली, शिखर कोसळलं. हा फोटो ती क्वचितच दाखवते. आम्ही मोटरहोम परत करून तिच्याकडे उतरलो तेव्हा, माझे फोटो बघता बघता, तिने तो स्वतःहून काढला. त्या दिवशी ती कुठे होती, कुणाच्या घरी रात्र काढली, नळाला पाणी कधी आलं, हे सगळं तिने त्या रात्री सांगितलं. इतक्या वर्षांत फोनवर हे बोलणं झालं नव्हतं. माझ्या किआच्या आणि गाळण्याच्या फोटोंनी ते दार उघडलं असेल, किंवा नुसतं शेजारी बसून एकाच पडद्याकडे बघण्याने. समोरासमोर बसून अशा गोष्टी बोलता येत नाहीत. दोघींचे डोळे तिसऱ्या कशावर तरी लागतात.

म्हणून मला वाटतं, फोटो पाठवून देणं आणि फोटो दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठवलेल्याला अंगठा येतो, फुलं येतात, प्रेमानेच येतात. पण कुणी विचारत नाही की कणीक कुठे मळलीस. ते विचारायला माणूस शेजारी बसलेलं लागतं, आणि फोटोवर थांबायची मुभा लागते. माझ्या लहानपणी परदेशातून येणारे नातलग स्लाइड्स घेऊन येत. भिंतीवर पांढरी चादर, अंधार, प्रोजेक्टरचा पंखा, आणि प्रत्येक चित्र पुढे सरकताना खट्ट असा आवाज. चित्रं मोजकी असत, आणि सांगणाऱ्याला प्रत्येकाबद्दल काहीतरी सांगावंच लागे.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना सांगत नाही. एका नदीकाठी, परवानगी असलेल्याच जागी, आम्ही रात्र काढली. तिथे आमची एकच गाडी होती. त्या जागेचे फोटो मी दाखवते, नाव सांगत नाही. 2011 साली न्यूझीलंडमध्ये रस्त्याकडेच्या मुक्कामांसाठी कायदा करावा लागला, कारण चांगल्या जागांची नावं पसरली की गाड्यांची रीघ लागायची, आणि सगळ्याच गाड्यांच्या पोटात टाकी नसायची. गावकऱ्यांनी घाण उपसायची आणि मग तिथे मनाईची पाटी लागायची. कुणी खरोखर निघणार असेल, चिकटपत्राची गाडी घेणार असेल, तर त्याला मी कागदावर नकाशा काढून देते. चुलतभावाने विचारलं, आपल्याकडे असं जाता येईल का? महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आहे. मला मनापासून वाटतं की त्या धोरणाची सुरुवात आधी नळ आणि डंप स्टेशनपासून व्हावी, आणि मग गाड्यांपासून.

शेवटच्या मुक्कामाचा फोटो एका लाकडी फळीचा आहे. तिथल्या कॅम्पांच्या सामाईक स्वयंपाकघरात अशी फळी असते. ज्यांचा प्रवास संपला ते उरलंसुरलं तिच्यावर ठेवून जातात, ज्यांचा सुरू होतोय ते घेऊन जातात. पहिल्या रात्री आम्हाला तिथे अर्धं मीठ, तेलाची बाटली आणि तांदूळ मिळाले होते. ते वापरताना, कोण ठेवून गेलं असेल यावर आमच्यात पैजा लागल्या. परतताना आम्ही आमचा गोडा मसाला ठेवला, विमानतळावर अधिकाऱ्यांना दाखवून, जाहीर करून नेलेला. बरणीवर मुलीने इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली की हा डाळीत शेवटी घालायचा, थोडाच. फोटोत ती बरणी ओट्सच्या पाकिटाशेजारी आहे. कुणी उचलली, कुठल्या सरोवराकाठी, कुठल्या डाळीत पडला, हे कळायचा मार्ग नाही. आत्याला त्याची चुटपुट लागली. "निदान आमसूल तरी ठेवायचं होतंस सोबत," ती म्हणाली.

आता आत्या तिच्या भजनी मंडळात हा प्रवास सांगते. मला हे तिच्या शेजारणीकडून कळलं. मृत्यूच्या देवीने माश्या कशा सोडल्या ते ती हातवारे करून सांगते. डोंगर झालेले भाऊ तिच्या सांगण्यात चार आहेत आणि ते वनवासाला निघालेले आहेत. पोपटाने रबर ओढलं ते तिच्या गोष्टीत आमच्याच गाडीचं, आणि सासूबाईंनी त्याला लाटणं दाखवून पळवलं. मी काहीही दुरुस्त केलेलं नाही. येत्या मंगळवारी भजन झाल्यावर मंडळातल्या बायका हिमनदी बघायला येणार आहेत. आत्याने मला फोन करून दोन्ही फोटो, ताईचा आणि आमचा, मोठे करून पाठवायला सांगितलेत, आणि टीव्ही जरा खाली घ्यायला चुलतभावाच्या मागे लागली आहे, कारण जमिनीवर बसणाऱ्यांची मान अवघडते.